बाजूचं मैदान

एक लहान मुलगी बापाच्या मांडीवर बसून त्याच्या गळ्यावर तळवा टेकवते. बाप म्हणतो, "चमचा." तळव्याला गुदगुल्या होतात. ती हसते.

कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात एक फार उंच माणूस फार ठेंगण्या स्टुलावर बसतो. गिऱ्हाइकानं विचारलं, "आधी काय करत होता?" तो म्हणाला, "पळत होतो."

हॉटेलच्या लॉबीत एका गृहस्थानं आपले फोन टेबलावर उपडे ठेवले आहेत. सगळे एकदम थरथरतात. तो आधी चहा संपवतो.

कपडे धुण्याच्या खोलीत लाल जर्सींचा ढीग. धुणारी बाई पाठीवरची नावं बघत जाते आणि एक जर्सी वेगळ्या टोपलीत टाकते. तिला तसं सांगितलं आहे. का, ते सांगितलेलं नाही.

भिंतीकडे तोंड करून एक धडधाकट तरुण मोठमोठ्यानं बोलतो आहे. कुंपणापलीकडून जाणारे चालायचा वेग वाढवतात.

*

त्या घरातली सकाळ गडबडीची असे, आणि ती गडबड मुद्दाम केलेली असे.

"मी अंडं सोलते आहे," बायको म्हणे. "टरफल निघालं. अंडं गरम आहे. फू!"

"मी बूट शोधतोय," आतून नवरा ओरडे. "एक सापडला. दुसरा कुठे आहे? दुसरा आजोबांच्या खुर्चीखाली आहे!"

मुंगी ओट्यावर बसून दोघांकडे आळीपाळीनं बघे. तिला सगळे मुंगीच म्हणत, कारण चार वर्षांची होईपर्यंत तिनं तोंडातून शब्द म्हणून काढला नव्हता. आता तिच्या दोन्ही कानांमागे यंत्रं होती. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी घरातल्यांना एकच नियम घालून दिला होता: जे कराल ते बोला. दिवा लावलात, बोला. पडलात, बोला. रडलात, तेही बोला. "इतर मुलांच्या कानांवर शब्द आपोआप पडतात," बाई म्हणायच्या. "हिच्या कानांवर तुम्ही पाडायचे."

मुंगीचे आजोबा निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक होते. "या घराचा रेडिओ झालाय," ते कुरकुरत. "बंद करायचं बटणच सापडत नाही." आणि थोड्या वेळानं न्हाणीघरातून त्यांचाच आवाज येई, "मी दाढी करतोय... मी हनुवटी कापली... आई गं!"

मुंगीचा बाप फुटबॉल खेळून घर चालवत असे. डाव्या पायानं. त्याला सगळे डावरा म्हणत. खरं नाव फक्त जर्सीच्या पाठीवर उरलं होतं. लग्नानंतर त्यांचं हे चौथं शहर. दर शहरात भाषा वेगळी, डॉक्टर वेगळा. एका डॉक्टरनं सांगितलं, थोडं थांबून बघू. थांबेपर्यंत क्लब बदलला. दुसऱ्यानं तपासण्या लिहून दिल्या. त्या व्हायच्या आत क्लब बदलला. पोरीला ऐकू येत नाही हे कळायला इतका उशीर झाला तो डॉक्टरांमुळे नव्हे, सामानाच्या खोक्यांमुळे.

या शहरात ते पहिल्यांदाच एका हंगामाहून जास्त, चक्क तीन हंगाम, टिकले होते, आणि या शहरात मुंगी बोलायला लागली होती. चमचा. दार. आणि "आबो", म्हणजे आजोबा. तो शब्द आला त्या दिवशी लिफ्ट-मेकॅनिक न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले होते.

"आणखी एक वर्ष," बाई म्हणाल्या होत्या. "हीच भाषा, हीच माणसं. पाया ओला आहे. त्यावर पाय देऊ नका."

अशाच एका सकाळी, अंडं सोलून होतंय तोवर फोन वाजला.

"भाचेबुवा," पलीकडून मामा म्हणाला, "बॅगा भरा. समुद्रापलीकडे चाललात."

*

कोण ठरवतं?

डावऱ्याला वाटत होतं, कोच ठरवतो. बायकोलाही तसंच वाटत होतं, म्हणून ती थेट कोचच्या खोलीत गेली. कोच फळ्यावरचे चुंबकाचे ठिपके सरकवत होता.

"सर, त्याचा करार अजून शिल्लक आहे. ठेवून घ्या. एक वर्ष फक्त. मुलीसाठी."

कोचनं एक ठिपका उचलून परत तिथेच ठेवला. "वहिनी, कोण खेळणार ते मी ठरवतो. कोण राहणार, ते मला पेपरात कळतं. डायरेक्टरला भेटा."

डायरेक्टर म्हणाला, "मी नुसती नावं सुचवतो. चेअरमनसाहेब बघतात."

चेअरमनसाहेब म्हणाले, "अहो, मी फोटोत हात मिळवायला असतो. कोणाचा हात, ते आयत्या वेळी सांगतात. मालकांशी बोला."

मालक बोटीवर होते. त्यांचा चिटणीस म्हणाला, "मालकांना फुटबॉल कळत नाही. ते सगळं मामांवर सोपवलंय."

म्हणजे जिथून फोन आला, तिथेच.

मामाला क्लबात खोली नव्हती, खुर्ची नव्हती, हुद्दा नव्हता. तरी तो आला की दारावरचा रखवालदार उठून उभा राहायचा. मामा एजंट होता. खेळाडू एका क्लबातून दुसऱ्यात गेला की मधल्या माणसाचा वाटा त्याच्या पदरात पडे. माणूस एका जागी सुखानं राहिला की मामाच्या घरी काही शिजत नसे. या क्लबातला अर्धा संघ त्याचा होता. डायरेक्टर पूर्वी त्याच्याच ऑफिसात होता. नात्यानं त्याचा भाचा कोणीच नव्हता, तरी सगळे त्याला मामाच म्हणत.

बायको पुन्हा कोचकडे गेली. "सर, तुम्ही तरी मामांना सांगा. तुमचं ऐकतील."

कोचनं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, मीही मामाचाच आहे. मला या खुर्चीवर त्यानंच बसवलंय."

*

कोच वाईट माणूस नव्हता. हे आवर्जून सांगायला हवं, कारण पुढचा घोटाळा त्याच्या चांगुलपणातून झाला.

खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षातून ठरलेल्या दिवसांतच होते. मुदत संपली की दार बंद. मुदतीआधी एकच सामना उरला होता. कोचनं डावऱ्याला बाजूला घेतलं. "तुला खेळवतच नाही. बाकावर बस. घेणारे म्हणतील, याच्यात काहीतरी खोट आहे. कचरतील. तेवढ्यात मुदत उलटेल. कळलं?"

डावऱ्यानं त्याचे दोन्ही हात धरले.

सामना सुरू झाला. डावरा बाकावर. आणि अर्ध्या तासात प्रेक्षकांतून आरोळी उठली, "डावऱ्या, विसरू नको रे आम्हाला!" कोणीतरी शर्ट काढून हलवायला लागलं. एक अनोळखी बाई चक्क डोळे पुसत होती.

कारण या धंद्यात शेवटच्या आठवड्यात धडधाकट माणूस बाकावर बसला, की त्याचा अर्थ एकच लावतात. तो विकला गेला. आता त्याच्या पायाला धक्का लागू नये म्हणून झाकून ठेवलाय. कोचला हे ठाऊक होतं. मामाच्या सांगण्यावरून त्यानंच किती खेळाडू असे झाकून ठेवले होते. दयेच्या भरात माणूस स्वतःच्या धंद्याची रीत विसरला. समुद्रापलीकडचा क्लब आतापर्यंत मागेपुढे करत होता. त्यांना वाटलं, दुसरा कोणीतरी उचलतोय. त्यांनी सामना संपायच्या आत होकार कळवला.

मामानं कोचच्या पाठीवर थाप मारली. "माझं काम तूच केलंस की रे! मी उगाच फोन झिजवत बसलो."

*

मुदतीच्या शेवटच्या दुपारी मामा घरी आला. दाराशी बूट काढले. मुंगीसाठी बोलकी बाहुली आणली होती. बाहुलीचा आवाज पोटातून येत होता. मुंगीनं तिच्या गळ्यावर तळवा ठेवून पाहिला आणि बाहुली खाली ठेवून दिली.

"बसा, मामा, बसा," आजोबा उठून उभे राहिले.

"बाबा, तुम्ही तरी बोला काहीतरी," बायको म्हणाली.

"मी काय बोलू, सूनबाई? त्यांनी याला चिखलातनं उचललं. कोवळा पोर होता. आपल्या स्वयंपाकघरात मी स्वतः याचा हात त्यांच्या हातात दिला, म्हटलं, हा आता तुमचा. दिलेलं माणूस परत मागायचं का?"

"मुलीचं लग्न लावून दिल्यासारखं बोलताय."

"लग्नात निदान एकदा विचारतात तरी," डावरा म्हणाला.

मामा मनापासून हसला. "भाचेबुवा, तिथेही शाळा आहेत. तिथेही बाई असतील बोलायला शिकवणाऱ्या."

"त्या 'चमचा' म्हणणार नाहीत, मामा. दुसरंच काहीतरी म्हणतील. हिचं हेही जाईल आणि तेही येणार नाही."

"लहान पोरं पटकन उचलतात."

"ऐकू येणारी."

मामानं सहीसाठी खिशातून पेन काढून टेबलावर ठेवलं. डावऱ्यानं पेन उचललं, मुंगीसमोर उकिडवा बसला आणि रोजच्यासारखा मोठ्यानं, सावकाश म्हणाला, "मी पेन परत देतोय. मी नाही म्हणतोय."

"नाई," मुंगी म्हणाली.

मामा रागावला नाही. त्यानं पेन खिशाला लावलं, चहा संपवला. "सूनबाई, चहा फक्कड. भाच्या, मी कोणावर जबरदस्ती करत नाही. आजवर केली नाही. विचार कोणालाही."

*

जबरदस्ती खरंच कोणी केली नाही.

दुसऱ्या सकाळी डावऱ्याचं कार्ड मोठ्या गेटला लागलं नाही. बाजूच्या गेटला लागलं. ड्रेसिंग रूममधल्या खुंटीवरचं त्याचं नाव निघालं होतं. त्याचं सामान कपडे धुण्याच्या खोलीशेजारच्या फडताळात. सराव बाजूच्या मैदानावर, एकट्यानं. मैदान कसलं, धुण्याच्या खोलीची मागची भिंत, गवताचा पट्टा आणि जाळी नसलेला एक गोलपोस्ट. जेवण डब्यातून, सगळे उठून गेल्यावर. पगार वेळेवर. वकिलाला दाखवायला काही म्हणजे काही नाही.

या प्रकाराला जुना शब्द आहे. हाक तोडायची, पंगत तोडायची, सावली टाळायची. वाळीत टाकणं. तो शब्द आता पुस्तकातच उरला आहे, अशी आपली समजूत आहे.

त्या महिन्यात क्लबात डावऱ्याशी बोलली गेलेली वाक्यं, सगळीच्या सगळी:

"बाजूच्या गेटनं."

"डबा ठेवलाय."

"कार्ड दाखव."

"इथे नको थांबू."

"डबा ठेवलाय."

*

गोली त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा. क्लबाचा गोलकीपर, डावऱ्याचा जिवलग. दोघांच्या पोरी एकत्र खेळायच्या. एका संध्याकाळी दोघं लिफ्टमध्ये एकटे सापडले. गोली बटणांकडे तोंड करून उभा राहिला.

"काय रे, बटणं पाठ करतोस?" डावरा म्हणाला.

गोलीनं आपल्या मजल्याचं बटण पुन्हा दाबलं.

"तुझी पोरगी वर येत नाही आताशा."

"तिला... बरं नाही."

"इतके दिवस?"

लिफ्ट कुरकुरत चढत होती.

"गोली, खरं सांग. माझ्याशी बोलू नको म्हणून तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही सांगितलं."

"मग?"

"म्हणूनच रे," गोली बटणांनाच म्हणाला. "सांगितलं असतं तर भांडलो असतो." दार उघडलं. बाहेर पाय टाकता टाकता तो पुटपुटला, "पुढच्या मुदतीच्या यादीत माझंही नाव आहे."

*

बाहेरचं गप्प बसणं माणूस अंगावर घेऊन घरी येतो. बुटांच्या चिखलासारखं ते दाराशी काढून ठेवता येत नाही.

डावरा घरी येई, बूट काढी, आणि ते बोलायचं राहून जाई. पाणी पिई, बोलायचं राहून जाई. बायको एकटीच बोलत राही, "मी भांडं घासते आहे, भांडं निसटलं," आणि तिचाच आवाज तिला परका वाटू लागला. आजोबा न्हाणीघरात मुकाट्यानं दाढी करत.

मुंगीनं आधी "दार" सोडला. मग "आबो". मग एका सकाळी चमचा हवा होता तेव्हा तिनं नुसतं बोट दाखवलं.

बाईंनी तिची यंत्रं तपासली. यंत्रं ठीक होती. "घरात काही झालंय का?" त्यांनी हळूच विचारलं. "बोलणं कमी झालंय?"

बायको घरी आली ती पर्स न ठेवताच नवऱ्यासमोर उभी राहिली. "आपण इथे कशासाठी राहिलो? सांग ना. कशासाठी? हिच्या बोलण्यासाठी! माझ्याशी नको बोलूस. तिच्याशी बोल!"

"काय बोलू? दिवसभरात काही घडतच नाही."

"मग तेच बोल! काही घडत नाही, हे बोल!"

"जीभ उचलत नाही गं," डावरा म्हणाला. इतक्या हळू की तिला ओठ वाचावे लागले, जसे मुंगी वाचते.

आजोबा खुर्चीवरून उठले. "मी मामांना फोन करतो. पाया पडतो. पुढची मुदत जवळ आलीय, कुठे का होईना, जाऊ आपण. इथे माझी पोरगी मुकी होतेय."

डावऱ्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आजोबांनी फोन हातात घेतला, मुलाच्या तोंडाकडे बघत थांबले, आणि ठेवून दिला. त्या घरात त्या संध्याकाळी सगळ्यांना नीट ऐकू येत होतं आणि ऐकण्यासारखं काही नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी डावरा किल्ल्यांच्या दुकानात गेला. ठेंगण्या स्टुलावर लंबू बसला होता. एके काळी याच क्लबाच्या मागच्या फळीतला खांब. त्यानंही एकदा मामाला नाही म्हटलं होतं. त्यालाही बाजूचं मैदान मिळालं होतं.

"कसे दिवस काढलेस रे तिथे?"

लंबू किल्ली घासत राहिला. "भिंतीवर चेंडू मारायचो. परत यायचा. वाटायचं, कोणीतरी उत्तर दिलं."

"मग का गेलास?"

"एकदा बायकोनं घरात हाक मारली, आणि मला वाटलं, दुसऱ्या कोणाला तरी मारतेय." त्यानं किल्लीवरचा कीस फुंकला. "तेव्हा घाबरलो. पाठवतील तिथे गेलो. तिथून आणखी कुठे. गुडघा संपला. तू टिकव. तुझ्याकडे कारण तरी आहे."

डावरा काही बोलायला गेला. मग त्यानं समोरची एक किल्ली उचलली आणि परत ठेवली.

"अजून काही हवंय?" लंबूनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर डावऱ्याला बरं वाटलं असतं.

*

पुढच्या सकाळी, बाजूच्या मैदानावर, डावऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं.

"मी बूट घालतोय," तो म्हणाला. आवाज गंजलेला होता. घसा खाकरून त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "मी नाडी बांधतोय. मी चेंडू ठेवतोय. चेंडू परत आला. गोलात कोणी नाही."

धुण्याच्या खोलीतलं यंत्र थांबलं. खिडकीत धुणाऱ्या बाईचा चेहरा दिसला.

संघ कुंपणाकडेनं बसकडे निघाला होता. डावरा वळला.

"हा गोली. माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. तो मान खाली घालतोय. हे कोच. यांनी मला वाचवायला बाकावर बसवलं. ते घड्याळ बघतायत. मी वेडा झालेलो नाही! माझ्याशी कोणी बोलत नाही, कारण मी नाही म्हणालो. मी हे सगळं बोलतोय, कारण माझी मुलगी बोलायची थांबलीय."

सगळ्यांनी पाय उचलले.

दुपारी क्लबानं पत्रक काढलं. खेळाडूला मानसिक विश्रांतीची गरज आहे. त्याच्या खाजगीपणाचा आदर राखावा. आता बाजूचं गेटही त्याच्या कार्डाला उघडेना.

संध्याकाळी डावरा दाराशी बसला. घसा सोलून निघाला होता. "मी बूट काढतोय," तो म्हणाला. "एक काढला."

मुंगी आली आणि तिनं त्याच्या गळ्यावर तळवा ठेवला. बोलली काहीच नाही. तो बोलत राहिला, दुसऱ्या बुटाबद्दल, नाडीच्या गाठीबद्दल, चिखलाबद्दल. तिनं तळवा काढला नाही.

आजोबा हे खुर्चीतून बघत होते.

*

सकाळी संघाची बस मोठ्या गेटमधून बाहेर पडली तेव्हा रस्त्याच्या कडेला दोन माणसं उभी होती. डावरा बोलतच होता. पण बसमधल्यांना ऐकू आला तो म्हाताऱ्याचा आवाज, कारण आयुष्यभर लिफ्टच्या खोल खड्ड्यात उतरून त्यांना वरच्या माणसाला ओरडून सांगायची सवय होती.

"मी इथे उभा आहे! मी माझा मुलगा देऊन टाकला होता. मीच दिला होता, स्वतःच्या हातानं! मी तो परत मागतोय!"

बसच्या काचा एकेक करत बंद झाल्या. एक काच अर्धी बंद झाली आणि तिथेच थांबली.

पुढची मुदत येईल. मामा फोन उपडे ठेवून चहा पीत असेल. डावऱ्याचं काय होईल, मुंगी पुन्हा "चमचा" म्हणेल की नाही, हे आज कोणालाच ठाऊक नाही. खेळाडूंची ट्रान्सफर कोण ठरवतं, असं कोणी विचारलं तर मामाचं नाव घेणं सोपं आहे. पण मामा एकटा आहे, आणि बस भरलेली असते. रविवारी तुम्ही-आम्ही पेपर उघडतो, कोण आला, कोण गेला ते वाचतो आणि पान उलटतो. त्या उलटणाऱ्या पानाचा आवाज होत नाही, म्हणून आपण काही केलं असं आपल्याला वाटत नाही.

डावरा या क्लबात नवा आला त्या हंगामात लंबू बाजूच्या मैदानावर होता. डावरा रोज सकाळी त्या कुंपणाकडेनं जायचा. त्यानं एकदाही हाक मारली नाही.